घरचे रामेन पाणचट लागते आणि नूडल्सचा लगदा होतो : कारणे आणि उपाय

चार-पाच तास हाडे उकळली, सोया सॉस घातला, वर अर्धे कापलेले अंडे आणि पातीचा कांदा ठेवला, तरी पहिल्याच घोटाला सूप पाणचट लागते आणि वाडगा निम्मा होईपर्यंत नूडल्सचा लगदा झालेला असतो, ही तक्रार घरी रामेन, म्हणजे जपानी पद्धतीच्या सूपमधल्या नूडल्स, करणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. त्यावर बहुतेक जण दोनच उपाय करतात. पुढच्या वेळी सूप आणखी दोन तास आचेवर ठेवतात, किंवा पातेल्यातच मीठ आणि सोया सॉस वाढवत जातात. पहिल्या उपायाने सूप आटते आणि त्याचा सुवास उडून जातो, तर दुसऱ्याने ते खारट होते, पण पाणचटपणा दोन्ही वेळा तसाच राहतो. याचे कारण असे की मीठ कमी असणे, उमामी (मांस-माशांच्या सूपमध्ये जाणवणारी भरदार चव) कमी असणे, जिलेटिन कमी असणे आणि स्निग्धांश कमी असणे, या चारही उणिवा जिभेला जवळजवळ सारख्याच भासतात, मात्र त्यांचे उपाय एकमेकांच्या कामी येत नाहीत. म्हणून उणीव कोणती आहे हे आधी ओळखणे आवश्यक आहे.

त्यासाठी जपानी रामेनची मांडणी लक्षात घ्यावी लागते. 1910 मध्ये तोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन हे दुकान सुरू झाले, तिथे योकोहामाहून आणलेले चिनी आचारी काम करत, आणि तिथून पुढे हा पदार्थ जपानभर पसरत गेला. आज साप्पोरोचे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) रामेन, तोकियोचे शोयू (सोया सॉसचे) रामेन आणि हाकाताचे तोन्कोत्सु (डुकराच्या हाडांचे) रामेन चवीला एकमेकांपासून फार दूर आहेत, पण वाडग्यातले घटक सर्वत्र तेच असतात: बिनमिठाचे सूप, तारे नावाचे खारट आणि गडद चवीचे मिश्रण, सुवासिक तेल, नूडल्स आणि वरची सजावट. सूपच्या पातेल्यात मीठ पडत नाही. मिठाचा सगळा भार तारेवर असतो आणि दोन्हींची गाठ प्रत्यक्ष वाडग्यातच पडते. आपण हे सगळे घटक एकाच पातेल्यात शिजवू लागलो की दोष कुठे आहे हे कळण्याची सोय उरत नाही.

आता चाचणीकडे वळू. बिनमिठाचे गरम सूप 100 मिलिलिटर मोजून वाटीत घ्यावे, त्यात चहाच्या चमच्याने सपाट पाव चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, मीठ विरघळवावे आणि चाखावे. चव एकदम उघडली, तर सूप उत्तम आहे आणि उणीव तारेत आहे. खारटपणा जाणवला पण त्यामागे काहीच नाही असे वाटले, तर उमामी कमी आहे. चव आहे, पण घोट पाण्यासारखा घशाखाली उतरतो आणि ओठांना किंचितही चिकटपणा जाणवत नाही, तर जिलेटिन कमी आहे. हे सगळे ठीक असूनही वाडग्याजवळ नाक नेल्यावर वास येत नसेल आणि सूप लवकर कोमट होत असेल, तर वर तेलाचा थर नाही. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मीठ आणि तारे

रामेनच्या सूपमध्ये मिठाचे प्रमाण साधारण सव्वा ते दीड टक्का असते. आपण घरी सार किंवा रस्सा करताना ज्या अंदाजाने मीठ घालतो, त्यापेक्षा हे अधिक आहे. ते तसे असावे लागते, कारण नूडल्स स्वतः सौम्य असतात आणि शिजताना शोषलेले पाणी घेऊनच त्या वाडग्यात येतात. कोइकुची, म्हणजे जपानमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या, सोया सॉसमध्ये 100 मिलिलिटरमागे सुमारे 16 ग्रॅम मीठ असते. त्या आधारे 200 मिलिलिटर सोया सॉस, 50 मिलिलिटर मिरिन (तांदळापासूनचे गोडसर जपानी मद्य) आणि 10 ग्रॅम मीठ असे तारे केले, तर त्याच्या 30 मिलिलिटरमध्ये सुमारे 5 ग्रॅम मीठ येते, आणि 300 मिलिलिटर सूपमध्ये ते मिसळल्यावर प्रमाण दीड टक्क्यावर बसते. मिरिन आधी मिनिटभर उकळून घ्यावे, मग आच कमी करून सोया सॉस, मीठ आणि कोम्बूचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, बोटभर तुकडा घालावा, उकळी फुटण्यापूर्वी उतरवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. मिरिन न मिळाल्यास तितकेच पाणी आणि दोन चमचे साखर घेतली तरी काम भागते.

इथे भारतातल्या स्वयंपाकघरात एक नेमकी अडचण येते. आपल्याकडे घरोघरी असलेला गडद सोया सॉस हा इंडो-चायनीज पदार्थांसाठी बनवलेला असतो. त्यात बहुधा कॅरमेलचा रंग असतो, कित्येकदा साखर आणि आम्लही असते. तो 30 मिलिलिटर घातला की सूप काळे, कडसर आणि आंबूस होते, आणि तरीही मीठ पुरेसे नसते. बाटलीवरची घटकांची यादी वाचून पाहावी. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढ्यावर मुख्यतः थांबणारा, किण्वन करून बनवलेला सॉसच तारेसाठी घ्यावा. तो महाग पडतो हे खरे, पण या पदार्थात पैसे वाचवण्याची ही जागा नाही. असा सॉस हाताशी नसेल, तर सोयाचा हट्ट सोडून मिठाचे शिओ तारे करावे: 250 मिलिलिटर कोम्बूच्या अर्कात 40 ग्रॅम मीठ आणि एक चमचा साखर. वाईट सोया सॉसपेक्षा ते केव्हाही चांगले लागते.

मिसोचे तारे करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की मिसो सूपच्या पातेल्यात घालून उकळला जाणार नाही. उकळल्यावर त्याचा सुवास जातो आणि खारटपणा तेवढा मागे उरतो.

उमामी : कोम्बू कडू का होतो

तोकियो इम्पीरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोम्बूच्या सूपमधून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांमध्ये, इनोसिनेट सापडले, आणि 1957 मध्ये आकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटची उमामी चव ओळखली. हे द्रव्य वाळलेल्या शिताके अळंबीत असते. घरच्या रामेनच्या दृष्टीने यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की ग्लुटामेटसोबत इनोसिनेट किंवा ग्वानिलेट आले की उमामी नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. म्हणून नुसता कोम्बू दुप्पट घालून फारसे साधत नाही. त्याला मासा, कोंबडी किंवा शिताके यांची जोड हवी.

कोम्बूबाबत तीन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे त्यावरचा पांढरा थर बुरशी समजून तो नळाखाली खसखसून धुणे. तो थर मुख्यतः मॅनिटॉल या गोडसर द्रव्याचा असतो. कोरड्या किंवा किंचित ओलसर फडक्याने धूळ टिपून घ्यावी, एवढे पुरे. दुसरी चूक कोम्बू खळखळून उकळण्याची. उकळत्या पाण्यात त्याच्यातला चिकट अंश आणि कडसर समुद्री वास सुटतो आणि सूप बुळबुळीत होते, आणि हे एकदा झाले की गाळून निघत नाही. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू रात्रभर फ्रीजमध्ये भिजत ठेवावा, दुसऱ्या दिवशी ते पाणी अगदी मंद आचेवर तापवावे आणि पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच कोम्बू चिमट्याने उचलून बाजूला काढावा. थर्मामीटर असेल, तर पाणी 60 अंशांवर तासभर धरून ठेवावे. याने अर्क सर्वात स्वच्छ उतरतो. तिसरी गोष्ट पाण्याची. जड पाण्यातले कॅल्शियम कोम्बूचा अर्क नीट उतरू देत नाही. क्योतोच्या पाकपरंपरेत कोम्बूला जे स्थान मिळाले, त्यात तिथल्या मऊ पाण्याचाही वाटा आहे. आपल्या घरी बोअरवेलचे पाणी असेल आणि त्यात डाळ लवकर शिजत नसेल, तर ते कोम्बूलाही चालणार नाही. अशा वेळी फिल्टरचे मऊ पाणी वापरावे.

कात्सुओबुशी लिटरमागे 20 ते 30 ग्रॅम घ्यावे, पाणी उकळीच्या जरा खाली, 85 अंशांच्या आसपास, असताना आच बंद करून घालावे आणि मिनिट-दोन मिनिटांत गाळून घ्यावे. गाळणीतला चोथा पिळण्याचा मोह आवरावा, कारण पिळल्याने तुरट आणि उग्र अंशच खाली येतो. तोकियोकडच्या अनेक रामेनमध्ये निबोशी, म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेले छोटे मासे, वापरतात. त्यांचे डोके आणि पोटातला काळा भाग नखाने काढून टाकला नाही, तर सूप हमखास कडू होते. कोकणातल्या घरांत असणारी सुकी मांदेली निबोशीच्याच कुळातली आहे आणि तिच्यापासून फार चांगले सूप उतरते, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र ती उकळून न घेता वाळवलेली असते आणि पुष्कळदा खारवलेली असते, तेव्हा तिचेही डोके आणि पोट काढावे, ती कोरड्या तव्यावर मंद भाजावी, थंड पाण्यात काही तास भिजवावी आणि सूप गाळल्यानंतर चाखून तारे त्या मानाने कमी घालावे.

शाकाहारी सूपसाठी कोम्बू आणि वाळलेले शिताके ही जोडी पुरेशी समर्थ आहे. शिताके गरम पाण्यात घाईने भिजवू नयेत. थंड पाण्यात रात्रभर फुगवून मग हळूहळू तापवावेत, कारण ग्वानिलेट हे शिताकेच्या तापण्याच्या काळात, साधारण 60 ते 70 अंशांच्या पट्ट्यात, तयार होते.

सूपला अंगच नसणे

चाचणीत जिलेटिनची उणीव निघाली, तर कारण बहुधा कोंबडीच्या दुकानापर्यंत जाते. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी काढूनच कोंबडी देतो आणि आपणही छातीचे किंवा तंगडीचे तुकडे मागतो. मांसात चव असते, पण सूपला अंग देणारे कोलॅजन कातडीत, सांध्यांत, कूर्चेत आणि पंज्यांत असते. त्यामुळे लिटर-दीड लिटर सूपसाठी किलोभर पाठीचे सांगाडे आणि पंख, आणि त्याखेरीज पाव किलो पंजे मागून घ्यावेत. ते स्वस्तही पडतात. पंज्यांची नखे छाटावी, सगळे थंड पाण्यात बुडवून उकळी आणावी, वर आलेल्या करड्या फेसासकट ते पाणी ओतून द्यावे आणि हाडे नळाखाली, कण्याच्या फटींत अडकलेले गडद रक्त बोटाने काढत, धुवावीत. हे काम किळसवाणे वाटले तरी टाळू नये, कारण सूपला येणारा उग्र वास बहुतांशी इथेच निघून जातो. नंतर ताज्या पाण्यात, पृष्ठभागावर अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटेल इतक्या मंद आचेवर, चार ते सहा तास ठेवावे. कांदा, आले आणि लसूण शेवटच्या तासातच घालावे.

जिलेटिन पुरेसे उतरले की नाही हे फ्रीज सांगतो. गाळलेले सूप वाटीभर रात्रभर ठेवावे. सकाळी वाटी हलवल्यावर ते थरथरले, तर सूप तयार आहे. पाण्यासारखे वाहिले, तर पंजे वाढवावेत. केवळ वेळ वाढवून उपयोग नाही, कारण जे पातेल्यात पडलेच नाही ते किती उकळले तरी येणार नाही.

कुकर वापरला तर चालतो का, असे अनेक जण विचारतात. अवश्य चालतो. मोठी आच न ठेवता सव्वा ते दीड तासात जिलेटिन उतरते, आणि झाकणाखालच्या दाबामुळे आत खळखळ कमी होत असल्याने सूप बऱ्यापैकी स्वच्छही राहते. पण ज्यांना तोन्कोत्सुसारखे दुधाळ सूप हवे आहे त्यांची निराशा नेमकी याच कारणाने होते. दुधाळपणा चरबी आणि जिलेटिन पाण्यात घुसळले गेल्याने येतो, आणि ती घुसळण जोरदार उकळीशिवाय होत नाही. क्युशू बेटावरच्या कुरुमे शहरात 1937 मध्ये नानकिन सेनर्यो या गाड्यावर डुकराच्या हाडांचे रामेन मिळू लागले तेव्हा त्याचे सूप निवळच होते. पांढरे सूप त्याच शहरात 1947 मध्ये सानक्यू या दुकानात, पातेले प्रमाणाबाहेर उकळत राहिल्यामुळे, अचानक हाती लागले. तेव्हा कुकर उघडल्यावर हाडांसकट सूप मोठ्या आचेवर, पाण्याची भर घालत, अर्धा-पाऊण तास खळखळू द्यावे, आणि तरीही रंग न आल्यास गाळलेले गरम सूप थोडे थोडे घेऊन हातमिक्सरने फिरवावे. उलट निवळ शोयू रामेन हवे असेल, तर एकदाही खळखळून उकळी येऊ देऊ नये.

शाकाहारी सूपला असे अंग देण्यासाठी बिनसाखरेचे सोया दूध पाव हिश्श्याइतके घालता येते. ते शेवटी घालावे आणि उकळू देऊ नये, नाहीतर फाटते.

तेलाचा थर

मिसळीच्या कटावर तर्री जे काम करते, तेच काम रामेनमध्ये सुवासिक तेल करते: वास तेलात उतरतो, वाफेबरोबर नाकाशी येतो आणि तेलाचा थर सूपची उष्णता धरून ठेवतो. सूप थंड झाल्यावर वर गोठणारी कोंबडीची चरबी फेकून न देता तीच काढून, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि लसूण घालून, तांबूस होईपर्यंत मंद तळावी आणि गाळून ठेवावी. वाडग्याला एक मोठा चमचा पुरतो. शाकाहारात हेच बिनवासाच्या तेलात करावे. तिळाचे भाजके तेल मात्र थेंबांनीच घालावे, ते बाकी सगळे झाकून टाकते.

नूडल्सचा लगदा

रामेनच्या नूडल्स साध्या मैद्याच्या नसतात. त्यात कान्सुई, म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांसारखे क्षार असतात. क्षारामुळे ग्लुटेनची वीण घट्ट होते, नूडलला लवचीक चिवटपणा येतो, पिठातल्या फ्लॅवोनॉइड द्रव्यांमुळे ती पिवळसर दिसते, आणि गरम सूपमध्ये ती काही मिनिटे तग धरते. दुकानातल्या हक्का नूडल्सच्या पाकिटावर घटकांच्या यादीत 500(i) आणि 501(i) हे क्रमांक दिसले, तर हेच क्षार त्यात आहेत. ते नसतील, तर त्या नूडल्स परतण्यासाठी ठीक असल्या तरी सूपमध्ये लवकर हार मानतात. अशा वेळी, किंवा बारीक स्पॅगेटी वापरायची झाल्यास, शिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालावा. पाणी फेसाळून उतू जाते, म्हणून पातेले मोठे असावे, आणि ते अ‍ॅल्युमिनियमचे नसावे, कारण क्षार त्या धातूवर चढतो.

घरी नूडल्स लाटायच्या असतील, तर खाण्याच्या सोड्यापासून सोडियम कार्बोनेट करून घेणे सोपे आहे. 50 ग्रॅम सोडा स्टीलच्या किंवा काचेच्या ताटलीत पसरून 140 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवावा. त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर वजन 32 ग्रॅमच्या आसपास भरते, आणि वजन तिथवर उतरणे हीच तो तयार झाल्याची खूण. ही पूड उघड्या हाताने हाताळू नये, तिने कातडी चुरचुरते, आणि ती हवाबंद बाटलीत नाव लिहून ठेवावी. उडदाच्या पापडात आपण जो पापडखार घालतो तोही याच जातीचा क्षार असल्याने चालू शकतो, पण त्यातले प्रमाण पुडीगणिक बदलते, म्हणून भाजलेला सोडा अधिक भरवशाचा.

200 ग्रॅम मैद्याला 2 ग्रॅम ही पूड, 2 ग्रॅम मीठ आणि 78 ते 80 मिलिलिटर पाणी लागते. मैद्याच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे 11 ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने असावीत. क्षार आणि मीठ आधी पाण्यात विरघळवावे. पीठ चुऱ्यासारखे सुटे दिसेल, आणि इथेच पाणी वाढवण्याची चूक होते. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हे पीठ बिघडलेलेच वाटते, पण तो चुरा झाकून अर्धा तास ठेवला की ओलावा सर्वत्र पोचतो आणि मग तो दाबून एकसंध होतो. हाताने न जमल्यास जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पायाने तुडवावे. जपानमध्ये उदोन या जाड नूडल्सचे पीठ असेच तुडवतात. लाटून, कॉर्नफ्लॉर भुरभुरून, बारीक कापावे आणि शक्य असल्यास एक रात्र फ्रीजमध्ये ठेवावे.

शिजवताना पाणी भरपूर, बिनमिठाचे आणि खळखळते असावे. ताज्या बारीक नूडल्सना दीड ते दोन मिनिटे पुरतात, आणि वाडग्यात त्या शिजतच राहतात, म्हणून किंचित कच्च्या असतानाच काढाव्यात. हक्का नूडल्सच्या सवयीने त्या आधीच शिजवून, थंड पाण्याने धुवून, तेल लावून ठेवण्याची पद्धत इथे पूर्णपणे सोडावी लागते, कारण तेल लावलेली नूडल सूप धरत नाही आणि थंड नूडल सूप गार करते. गाळणीत काढल्यावर चार-पाच वेळा जोराने झटकावे. न झटकलेल्या नूडल्सबरोबर दोन-तीन चमचे पाणी सहज वाडग्यात जाते, आणि नीट मोजून केलेले तारे तिथे फिके पडते. चाचणीत सर्व काही ठीक निघूनही वाडग्यात सूप पाणचट लागत असेल, तर दोष इथे शोधावा.

वाडगे आधी उकळत्या पाण्याने भरून तापवावेत. पाणी ओतून देऊन त्यात तारे आणि तेल घालावे, नूडल्स पाण्यात सोडाव्यात, त्या होत आल्या की वाफाळते सूप वाडग्यात ओतावे, झटकलेल्या नूडल्स चॉपस्टिकने एकदा उचलून सरळ मांडाव्यात आणि वरचे अंडे वगैरे पटकन ठेवावे. माणसे जास्त असतील, तर सगळ्यांसाठी थांबू नये, ज्याचा वाडगा झाला त्याने सुरुवात करावी. सावकाश खाणाऱ्यांसाठी फुकुओकाच्या नागाहामा मासळी बाजारातल्या रामेनवाल्यांची रीत अनुसरावी: आधी कमी नूडल्स द्याव्यात आणि त्या संपत आल्या की उरलेल्या सूपमध्ये ताज्या उकडलेल्या नूडल्सची भर घालावी. त्यासाठी सूप थोडे राखून ठेवावे लागते, आणि दुसऱ्या वेळी नूडल्स घालताना एक चमचा तारेही घालावे.

उरलेले सूप तारे न घालताच, पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे आणि एकेका वाडग्याच्या मापाने डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावे. तारे फ्रीजमध्ये कित्येक आठवडे टिकते. पुढच्या वेळी नूडल्स उकळण्याचे तेवढे काम उरते, पण चाखण्याची चाचणी तेव्हाही करावी, कारण आटलेल्या किंवा पातळ झालेल्या सूपला तारेचे प्रमाण बदलावे लागते.